दंडाचा डबा

बोर्नव्हिटाचा रिकामा डबा,
झाकणाला सुरीनं पाडलेली चीर.
इंग्रजीबाहेरचा एक शब्द, एक रुपया.
सिस्टर स्कोलास्टिका टोप्पोच्या टेबलावर तो पाच वर्षं बसून होता,
तसबिरीतल्या येशूपेक्षा
जास्त आमच्याकडे बघत.

त्यात सगळ्यांत जास्त भर माझी.
मला ठेच कधी इंग्रजीत लागलीच नाही.
"आई गं!" सिस्टर बोटं दाखवायची, दोन.
वहीत नोंद व्हायची: हिंदी.
"नाही सिस्टर, ही मराठी."
आणखी तीन.
'सिस्टर' तेवढं माफ.

रामबागेत घरी एक जीभ, सियागंजात दुसरी,
आणि फाटकाशी तिसरी,
देवळाबाहेर चपला सोडाव्यात
तशा पहिल्या दोन सोडून.
परत येईपर्यंत जागेवर असतील ना,
ही धास्तीही तशीच.

फेब्रुवारीतला शनिवार, बारावीचा निरोप.
हॉलमध्ये क्रेप कागदाच्या झिरमिळ्या,
फळ्यावर रंगीत खडूनं आमची नावं,
'मृण्मयी'तला एक 'म' कुठेतरी पडलेला.
आम्ही सगळ्या आयांच्या साड्यांत.
तस्नीमच्या घरी साडीच नाही,
तिला गुरलीनच्या वहिनीची, लग्नातली, भरजरी.
माझी माहेश्वरी,
काठाला डांबरगोळीचा वास.

आणि दारात सिस्टर.
रोज पट्टी घेऊन गुडघ्यापाशी स्कर्ट मोजणारी,
आज ओठांत सहा-सात पिना धरून.
एकेकीला खांद्याला धरून वळवते,
निऱ्या झटकते, पुन्हा घालते,
पदराखाली बोट ठेवून पिन टोचते,
टोचली तर तिला टोचावी म्हणून.
तोंडात पिना, त्यामुळे कुणालाच काही बोलली नाही.
तिचा हात इतका खरखरीत असेल
असं मला वाटलं नव्हतं.

मग मेणबत्त्या.
बारावीनं अकरावीला ज्योत द्यायची, अंधारात, गंभीरपणे.
कुणीतरी दिव्यांबरोबर पंख्याचंही बटण दाबलं
आणि अर्धं भविष्य विझलं.
माळी बाबूलालच्या खिशात काडेपेटी असते
हे सगळ्यांना माहीत होतं.
सिस्टरलाही होतं, असं त्या दिवशी दिसलं.

फादर क्लेमंट बोलले, पाऊण तास.
तुम्ही जहाजं, शाळा बंदर, श्रद्धा दीपस्तंभ.
आम्ही इंदूरच्या मुली.
सिरपूरच्या तळ्यापलीकडे पाणी पाहिलेलं नाही,
तरी रडलो.

बाहेर आंब्याखाली कढई लागलेली.
वाफाळते पोहे, वर शेव, वर जिरावण,
शेजारच्या परातीत जिलेबी,
मोहोर गळून पडत होता दोन्हींवर.
दरवर्षी चहा-बिस्किटं. यंदा हे कुठून?
सिस्टरनं डबा आणून उलटा धरला. रिकामा.
"युअर वर्ड्स," ती म्हणाली, "ईट."

मी खाल्ले. दोनदा घेतले.
पाच वर्षांची ठेच होती ती,
लिंबू पिळलेली.

फाटकाशी, रिक्षा थांबलेली असताना,
तिनं माझ्या पदराची पिन पुन्हा एकदा चाचपली
आणि काहीतरी म्हणाली.
एकच शब्द. इंग्रजी नव्हे, हिंदीही नव्हे,
सिमडेग्याकडचा असावा,
तिच्या आईच्या अंगणातला.
मी बघत राहिले.
तीही जरा दचकली, स्वतःच्याच तोंडाला.
मग झग्याच्या खिशातून एक रुपया काढला,
काखेतल्या डब्याच्या चिरेत टाकला.
रिकाम्या पत्र्यावर किती मोठा आवाज होतो एका रुपयाचा.

त्याचा अर्थ विचारायचा होता.
रिक्षात तस्नीम ओरडत होती, हिंदीत, फुकट.
जूनमध्ये मार्कशीट न्यायला गेले
तेव्हा तिच्या टेबलाशी दुसरीच सिस्टर होती, नवी, गोरी.
"ट्रान्स्फर," म्हणाली. कुठं, ते तिलाही माहीत नव्हतं.
टेबल स्वच्छ पुसलेलं,
डब्याच्या बुडाचा गोल डाग तेवढा राहिलेला.

तो शब्द मी लिहून ठेवला नाही.
लिहिला असता तर चुकलाच असता,
फळ्यावरच्या माझ्या नावासारखा.